पावशेरचे नव्वद ग्रॅम

पहिलीच गोष्ट स्पष्ट करून टाकतो. आमच्या घरात उंदीर झालेले नाहीत. आमच्या घरात उंदीर आहेत. या दोन वाक्यांतला फरक समोरच्या घरातल्या गृहस्थांना गेली दोन वर्षं कळलेला नाही. त्यांचा धंदा घरोघरी जाऊन औषध फवारायचा, झुरळं-ढेकूण-उंदीर मारायचा. जिन्यात भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "शेजारधर्म म्हणून सांगतो, एका फवाऱ्याचं काम आहे. तुमच्याकडून काही घेणार नाही." आता माणसाने रागवायचं तरी कसं? हेतू चांगला आहे बिचाऱ्याचा.

आमचे उंदीर दोन. पांढरे, सख्खे भाऊ. एकाचं नाव पावशेर, दुसऱ्याचं छटाक. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, तेव्हा नावं याहून वेगळी सुचणं शक्य नव्हतं. सव्वीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासतो आहे. बाजारात माझी चाहूल लागली की अर्ध्या दुकानांतल्या ताटल्या आपोआप पुसल्या जातात. घरी मात्र मी बोलायला लागलो की बायको भाजी निवडायला घेते. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे जीव घरात हे दोघेच. पावशेर माझ्या सदऱ्याच्या खिशात बसून, मिशा हलवत, मधे एकही प्रश्न न विचारता ऐकतो. असा श्रोता मला साहित्यिक असतो तरी मिळाला नसता.

आता बायकोचं. ती शाळेत शिक्षिका आहे. उंदरांविषयी तिचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "तुमचे ते प्राणी," एवढाच उल्लेख ती करते. तुमच्या त्या प्राण्यांनी पडदा कुरतडला. तुमचे ते प्राणी आज जेवले नाहीत. ते जेवले नाहीत हे हिला कसं कळतं, असा प्रश्न मला कधी पडला नाही. नवऱ्यांना असले प्रश्न उशिराच पडतात.

तर त्या मंगळवारी सकाळी पावशेरच्या डोळ्यांभोवती लालसर पाणी दिसलं. महिन्याभरापूर्वीही असंच झालं होतं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी सांगितलं होतं की हे रक्त नाही, उंदरांना त्रास झाला की असं लाल पाणी येतं. पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदला, कागदाच्या पट्ट्या घाला. मी मान डोलावली होती आणि भुसा बदलला नव्हता. कारण भुशाचं नवं पोतं नुकतंच आणलं होतं, आणि डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. माणूस औषध कडू असलं तरी घेतो, पण सल्ला वयाने लहान माणसाकडून आला की घशाखाली उतरत नाही.

मंगळवारी पुन्हा गेलो. दवाखान्याचा कायापालट झालेला. आतल्या खोलीत लसी ठेवायला भलामोठा फ्रिज आलेला, भिंतच गिळून बसलेला. मदतनीस बाईंनी पावशेरला प्लॅस्टिकच्या डब्यात घालून कपाटाच्या फळीवरच्या काट्यावर ठेवलं, डब्याचं वजन वजा केलं आणि आकडा वाचला.

"तीनशे ऐंशी."

डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला. मागच्या वेळी चारशे सत्तर.

"काका, नव्वद ग्रॅम कमी झालेत महिन्यात. माणसाच्या हिशोबात बारा-तेरा किलो म्हणा. हे साधं नाही. आत दाढ वाढून टोचत असेल, खाता येत नसेल, नाहीतर एखादी गाठ असेल. जागेपणी तो तोंड उघडू देणार नाही. भूल देऊन बघावं लागेल. शुक्रवारी सकाळी दहाला आणा."

"भूल?" मी म्हणालो. "तो दोन वर्षांचा आहे."

"म्हणूनच खोटं सांगत नाही. या वयात भूल दिल्यावर काही उठत नाहीत. पण नव्वद ग्रॅम जात असतील तर न बघितल्यास तो नक्कीच जाईल."

पावशेर या वेळी माझ्या बाहीत शिरून कोपरापर्यंत पोचला होता. गरम, गुबगुबीत, भरीव. मला राहवलं नाही.

"डॉक्टर, हा बारीक झालेला नाही. तुमचा काटा चुकतोय."

 मदतनीस बाईंनी हातातली सुई खाली ठेवली.

"काका, काटा नवा आहे."

"मी दर रविवारी याचं वजन करतो. वहीत नोंद आहे. चारशे सत्तर. दर रविवारी."

"स्वयंपाकघरातल्या काट्यावर?"

हे वाक्य ज्या सुरात आलं तो सूर मी ओळखतो. चोरीचं माप पकडल्यावर मी दुकानदारांशी याच सुरात बोलतो. मी म्हणालो, "सव्वीस वर्षं काटे तपासण्यात घालवलीत मी."

"आणि मी जनावरं तपासते. ही पदवी काय शोभेला ठेवलीय?" असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. जाडजूड लाकडी चौकटीतली त्यांची पदवी काट्याच्या मागे फळीवर टेकवून ठेवलेली होती. भिंतीवरची तिची जागा फ्रिजने घेतली होती ना. पदवीपुढे मी काय बोलणार? शुक्रवारच्या संमतीपत्रावर सही करून मी बाहेर पडलो, आणि माझ्या बाहीतून पावशेरही.

घरी येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. घरच्या काट्यावर वजन करायचं, आकडा लिहायचा आणि तो कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवायचा. मी स्वयंपाकघरातला वरचा कप्पा उघडला. खालचा उघडला. मग सगळे उघडले.

"अगं, काटा कुठाय?"

बायको शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बहिणीकडे. तिच्या बेकरीच्या क्लाससाठी नेलाय. महिना झाला."

"महिना?"

आता तिने मान वर केली. शिक्षिकेचे डोळे ते. "मग तुम्ही महिनाभर दर रविवारी त्याचं वजन कशावर करत होता?"

इथे मला एक कबुली द्यावी लागते. पहिल्या रविवारी काटा सापडला नाही. म्हटलं, असेल कुठेतरी, पावशेर तर समोर धडधाकट दिसतोय. वहीत आदल्या रविवारच्या खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. पुढच्या रविवारी पुन्हा, वरीलप्रमाणे. सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात हा शब्द झोपेतसुद्धा लिहितो. निम्म्या जगाचा कारभार याच एका शब्दावर चाललाय, पण तो उंदराच्या वजनाला लावायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणजे आता अवस्था अशी. पावशेर खरोखरच नव्वद ग्रॅमने उतरला असेल, तर भूल न दिल्यास जाणार. उतरला नसेल, तर विनाकारण दिलेल्या भुलीतून उठेल याची खात्री नाही. आणि खरं काय हे सांगणारा जगात एकही काटा माझ्या हाताशी नाही. बायको उठली. वह्या मिटून ठेवल्या आणि पिंजऱ्याशी जाऊन उगाच पाण्याची बाटली सरळ केली. ती सरळच होती.

तिची बहीण दुसऱ्या गावी. दार लावून नवऱ्याबरोबर फिरायला गेलेली, शनिवारपर्यंत येणार नव्हती. तेव्हा बुधवारी सकाळी पावशेरला खिशात घालून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने मला पाहताच ताटली पुसली.

"तपासणी नाही," मी म्हणालो. "एक वजन करून द्या."

"कशाचं, साहेब?"

खिशातून पावशेरने डोकं बाहेर काढलं. दुकानदार दोन पावलं मागे सरला.

"साहेब, मागच्या वर्षी ताटलीवर साखरेचे चार दाणे होते म्हणून तुम्ही मला नोटीस दिली. चार दाणे. ती अजून लावून ठेवलीय मी." खरंच लावून ठेवली होती, चौकट करून. "आणि आज या ताटलीवर उंदीर? उद्या तुम्हीच पंचनामा कराल."

"मी लेखी देतो की करणार नाही."

"तेही तुमच्याच अक्षरात असेल ना?"

पुढच्या दुकानाने मला लांबून पाहूनच फळी ओढली. भाजीवाली म्हणाली, "दादा, तुम्ही फार नेक माणूस, पण आमचं गिऱ्हाईक पळेल." सोनाराने तर चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पावशेर तिथेच आहे असं पाहून मला पाणी विचारलं. सव्वीस वर्षांच्या सचोटीचं फळ मला एकाच सकाळी मिळालं. बाजारात सगळे काटे मी खरे करून ठेवले होते आणि त्यातला एकही मला उपलब्ध नव्हता.

परतताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मावशी भेटल्या. त्यांची मांजर म्हणजे आमच्या इमारतीची महाराणी. "काय म्हणाल्या डॉक्टर? बारीक झालाय? अगदी आमच्या बाईसाहेबांसारखं! तीन आठवड्यांपूर्वी नेलं होतं, तर म्हणाल्या पाऊण किलो उतरलीय. तेव्हापासून दिवसाला तीन अंडी, मासे, साय. तरी भूक नाही म्हणून तोंड फिरवते बघा." बाईसाहेब मावशींच्या कडेवर होत्या. दोन्ही बाजूंनी ओघळत होत्या. माझ्या मनात तेव्हा काहीतरी टोचलं, पण बाईसाहेब माझ्या खिशाकडे टक लावून बघत असल्याने मी विचार पुरा न करताच वर पळालो.

विचार पुरा झाला तो जेवताना. पावशेर बारीक नाही आणि उतरलाय. मांजर ओघळतेय आणि उतरलीय. मी घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "तो काटा तपासायलाच हवा. सरकारी प्रमाण वजनांनी."

प्रमाण वजनं म्हणजे आमच्या खात्याचा देव्हारा. पितळी वजनांची पेटी, आत मखमल, हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायची. कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी साहेबांकडे. मी दुपारी साहेबांपुढे उभा राहिलो.

"कुठली तपासणी?" साहेबांनी विचारलं.

"जनावरांचा दवाखाना."

"तिथे काय विकतात?"

"विकत नाहीत काही. वजन करतात. त्या वजनावर औषध देतात."

"हं. औषधासाठीचा काटा आपल्या कक्षेत येतो खरा." साहेबांना नियम पाठ. "तक्रार कोणाची?"

"माझी."

"आणि तपासणार कोण?"

"मीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तक्रारदार आणि तपासणी करणारा एकच? उद्या लेखापरीक्षणात माझी हजेरी घेतली जाईल. आणि मुळात जनावर कुठलं?"

मी सांगितलं. साहेब बराच वेळ हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "डोंगर पोखरून उंदीर काढलेले पाहिले. उंदरासाठी डोंगर हलवणारे तुम्ही पहिलेच. दुसऱ्या कोणाचा रीतसर अर्ज आणा, मग बघू. आजचं नाही, उद्या."

मी कोरा अर्ज घेऊन घरी आलो. मान खाली घालून मावशींकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "डॉक्टरांविरुद्ध? छे बाई! उद्या बाईसाहेबांना सुई टोचायची त्यांनीच." समोरचे फवारणीवाले अर्ज लिहायला एका पायावर तयार होते, पण 'धंदा' या रकान्यात ते काय लिहिणार या विचाराने मी नको म्हणालो.

शेवटी बायकोने माझ्यासमोर हात केला. "आणा इकडे."

"तू? अगं, तुला तर ते..."

"माझं मत मला माहीत आहे. पेन द्या."

आणि ती लिहायला बसली. पाठ सरळ, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. मी मागून डोकावलो तर परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं तिने बघितलं. लिहून झाल्यावर अर्ज पाकिटात घातला आणि कडा डिंकाने चिकटवली. निकालाचे कागद असेच पाकिटबंद करायची तिची सवय. वर म्हणाली, "फोडायचं नाही. साहेबांसाठी आहे."

गुरुवारी साहेबांनी पाकीट फोडलं. वाचताना चेहऱ्यावर आदल्या दिवसाचं हसू होतं. मग एका जागी ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. हसू गेलं. 'तातडीने कार्यवाही करावी' असा शेरा मारला, सही केली आणि आपली किल्ली टेबलावर ठेवली. मी चक्रावलो. या माणसाने गेल्या अकरा वर्षांत मला एक टाचणी विनाचौकशी दिलेली नाही. म्हणालो, "साहेब, काही शंका?" तर म्हणाले, "नाही. जा तुम्ही. लवकर जा."

शुक्रवारी बायकोने शाळेत रजा टाकली. "सहज," म्हणाली. बसमध्ये माझ्या मांडीवर पेटी आणि तिच्या मांडीवर पिंजरा. छटाकलाही बरोबर घेतलं होतं, कारण पावशेरशिवाय तो खात नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पिंजऱ्याकडे पाहून जागा बदलली. बायको त्यांच्याकडे असं काही बघत राहिली की ते पुढच्याच थांब्यावर उतरले.

दवाखान्यात पाच-सहा माणसं बसलेली. मावशी आणि बाईसाहेबही. मी ओळखपत्र काढलं, घसा साफ केला आणि कार्यालयीन आवाजात जाहीर केलं की सदर दवाखान्यातील वजनकाट्याची तपासणी करण्यात येत आहे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. संताप गिळत म्हणाल्या, "काका, आत मी सगळं निर्जंतुक करून ठेवलंय. काटा बाहेर आणून देते. पाच मिनिटं."

मदतनीस बाईंनी काटा बाहेरच्या टेबलावर आणून ठेवला. मी पांढरे हातमोजे घातले. पेटी उघडली. सगळा दवाखाना माना उंचावून बघत होता, एक कुत्रासुद्धा. चिमट्याने पाचशे ग्रॅमचं वजन उचलून मी ताटलीवर ठेवलं.

पाचशे.

उचललं, पुन्हा ठेवलं. पाचशे. दोनशेचं ठेवलं, दोनशे. काटा हरिश्चंद्राचा अवतार निघाला. मागून कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं. पितळ उघडं पडतं म्हणजे काय हे मी पितळेची पेटी उघडी टाकून अनुभवत होतो. 

"झालं समाधान?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात आता राग नव्हता, दया होती. राग परवडला असता. "काका, तुमचं प्रेम दिसतंय मला. पण वेळ घालवू नका."

"मग त्याचं वजन इथेच करा," बायको म्हणाली. पण समोर बाईसाहेब मिशा साफ करत बसलेल्या. पावशेर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात छटाकच्या पोटाखाली असा शिरला की बाहेर येईना. शेवटी आतच जायचं ठरलं. मदतनीस बाईंनी काटा उचलून आत नेला, फळीवर जागच्या जागी ठेवला, डबा ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि डब्यात पावशेर ठेवला.

तीनशे अठ्ठ्याहत्तर.

"अजून दोन ग्रॅम गेले," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या आणि भुलीची बाटली हातात घेतली. बायकोने माझा दंड धरला. लग्नानंतर इतका घट्ट तिने तो क्वचितच धरला असेल.  खरा काटा, खरा आकडा, आणि माझ्या वहीत नुसतं वरीलप्रमाणे. मीच आंधळा झालो होतो का?

आणि त्याच क्षणी मला माझे पहिले वरिष्ठ आठवले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी मान पकडून टेबलाच्या कडेला टेकवली होती. "काटा तपासताना काट्याकडे काय बघतोस? काट्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघ. लबाड माणूस काट्याला हात लावत नाही, शेजारी काहीतरी ठेवतो."

मी गुडघ्यांवर बसलो. पूर्ण गणवेशात, हातमोज्यांसकट. डोळे फळीच्या पातळीत आणले.

"काका, काय करताय?"

"डॉक्टर, एक मिनिट. पावशेरला हातात घ्या."

त्यांनी घेतलं. डबाही काढला. मी चिमट्याने पाचशेचं वजन त्या ताटलीवर ठेवलं. तेच वजन, तोच काटा, दहा पावलांवर पाचशे दाखवणारा.

तीनशे सहासष्ट.

 मी बोट दाखवलं. ताटलीची मागची कड एका लाकडी चौकटीच्या खालच्या पट्टीवर टेकली होती. ताटली रिकामी असली की मधे केसाएवढी फट राही, त्यामुळे आकडा बिनबोभाट शून्य. वजन ठेवलं की ताटली किंचित बसे, कड पट्टीवर टेके, आणि चौथा हिस्सा भार परस्पर ती चौकट उचलून घेई. आणि चौकटीत होती डॉक्टरीणबाईंची पदवी.

मी उठलो नाही. बसल्या जागेवरूनच म्हणालो, "डॉक्टर, पदवी शोभेला नाही ठेवलेली हे खरं. ती काम करतेय."

हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं याचा मला आजही आनंद आहे. एरवी मला असली वाक्यं जिना उतरल्यावर सुचतात.

मदतनीस बाईंनी चौकट बाजूला केली. पाचशेचं वजन पाचशे भरलं. मग डबा ठेवून, आकडा शून्यावर आणून डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने पावशेरला आत ठेवलं.

पाचशे सोळा.

बायको मटकन स्टुलावर बसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "धूळ आहे इथे." निर्जंतुक खोलीत.

डॉक्टरीणबाई मात्र मनाच्या खऱ्या. सबब सांगितली नाही, फ्रिजला दोष दिला नाही. भुलीची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "महिनाभर मी सगळ्या लहान जनावरांना औषध कमी देत आलेय. आजच सगळ्यांना बोलावून घेते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सॉरी, सर."

सर! काका नव्हे, सर. खोलीत पावशेर-छटाक धरून साक्षीदार चार होते, हे नमूद करून ठेवतो.

बाहेर ही बातमी आमच्या आधी पोचली होती. मावशी बाईसाहेबांना दोन्ही हातांनी उचलत विचारत होत्या, "म्हणजे उतरली नव्हतीच? मग मी तीन आठवडे हिला काय म्हणून कोंबतेय?" काटा पुन्हा बाहेर आला, बाईसाहेब त्यावर बसल्या, आणि आकडा पाहून मावशींनी खुर्ची मागितली. मला हसणारा मघाचा माणूस पुढे होऊन म्हणाला, "साहेब, आमच्या पोपटाचंही बघता का?" मी हातमोजे पुन्हा चढवले. तासभर रांग लागली होती. कुत्र्यासाठीचा मोठा काटासुद्धा मी तपासला. तो खरा निघाला, तरी कुत्र्याच्या मालकाने माझे आभार मानले.

विजयात एकच मिठाचा खडा पडला. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, ती रविवारची वही बघू तुमची." मी विसरलो म्हणायच्या आत बायकोने पिशवीतून काढून दिली. डॉक्टरीणबाईंनी पान उलटलं. चारशे सत्तर. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

"महिन्यात शेहेचाळीस ग्रॅम वाढलाय हा. तुमच्या वहीत एकही नाही. हा उंदीर आहे की तुमच्या पेटीतलं वजन?"

मी पेटीचं कुलूप दोनदा तपासलं.

"आणि या पिशवीत उकडलेलं अंडं आणि अक्रोड दिसतायत, ते याला रोज कोण देतं? आज बंद. आणि भुसा?"

"बदलतो," मी म्हणालो. अक्रोडाबद्दल मी काहीच बोललो नाही, कारण मी कधी दिलेच नव्हते. बायको खिडकीबाहेर बघत होती.

आता पिंजऱ्यात आमच्या खात्याच्या रद्द झालेल्या अर्जांच्या पट्ट्या आहेत, साहेबांच्या लेखी परवानगीने. लाल पाणी चार दिवसांत थांबलं. समोरच्या फवारणीवाल्यांना मावशींनी सगळी हकीकत सांगितली, त्यांनी जिन्यात मला थांबवून हात जोडले आणि म्हणाले, "एक फवारा तरी..." असो.

सोमवारी प्रकरणाची फाइल अहवाल लिहायला माझ्याकडे आली. सगळ्यात खाली बायकोचा अर्ज होता. पाकीट साहेबांनीच फोडलेलं, तेव्हा वाचायला माझी हरकत नव्हती. वळणदार अक्षर. 'वस्तूचे वर्णन: पांढरा. उजव्या कानावर करडा ठिपका. हाक मारली की येतो.' 'तक्रारीचे स्वरूप: नव्वद ग्रॅमची तफावत. जिवाला धोका.' आणि खाली छापील रकाना होता, 'तक्रारदाराचा सदर वस्तूशी संबंध'. इथे लोक 'मालक' लिहितात, 'ग्राहक' लिहितात. माझ्या बायकोने लिहिलं होतं, 'आई'.

मी थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभा राहिलो. कार्यालयातही धूळ फार असते. मग जागेवर आलो, अहवालाचा कागद पुढे ओढला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'अर्जातील सर्व मजकूर प्रत्यक्ष तपासला. खरा आढळला.' खाली सही केली, तारीख घातली. वरीलप्रमाणे असं कुठेही लिहिलं नाही.